महिनाभराच्या सेवेनंतरचा निरोप: मिरज-सांगलीकडे तो कसा पार पडतो

परदेशातून महिनाभर सेवेला आलेल्या पाहुण्यांना निरोप द्यायचा म्हणजे शेवटच्या रविवारी उपासना सुटल्यावर शाल, पुष्पगुच्छ आणि चहा, अशी समजूत पुष्कळ मंडळ्यांत, म्हणजे ख्रिस्ती उपासक-समाजांत, आहे. मिरज-सांगली भागात अशा पाहुण्यांच्या राहण्याजेवणाची आणि कामाची व्यवस्था आम्ही बघतो. कोणी दवाखान्याच्या आवारात उतरतं, कोणी वसतिगृहातल्या मुलांना इंग्रजी शिकवतं, कोणी खेड्यावरच्या मंडळीत बालवाडीच्या भिंती रंगवण्यापासून संगणकावर हिशेब बसवून देण्यापर्यंत पडेल ते काम करतं. महिना लहान असतो. पहिला आठवडा झोप आणि पोट जागेवर यायला जातो, दुसऱ्यात नावं पाठ होतात, तिसऱ्यात खरं काम होतं. चौथा आठवडा उजाडला की निरोपाला हात घालावाच लागतो. तो शेवटच्या दोन दिवसांवर ढकलला की हमखास बिघडतो आणि त्याचा त्रास पाहुण्यांपेक्षा मागे राहणाऱ्यांना होतो. त्यातही मुलांना जास्त.

मिरजेला परदेशी सेवक नवे नाहीत. डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली इथे मिशनचा दवाखाना उभा केला, पुढे इथल्याच तरुणांना वैद्यकी शिकवली आणि १९२८ साली ते निवृत्त होऊन गेले. तीन दशकांहून जास्त काळ इथे राहिलेल्या माणसाचा निरोप आणि महिनाभराच्या पाहुण्याचा निरोप एका मापानं मोजता येत नाही. पाहुण्यांवरचं प्रेम खरं असतं, त्यांचंही आपल्यावरचं खरं असतं. पण महिनाभरात जुळलेल्या नात्यावर आयुष्यभराची आश्वासनं लादू नयेत, असं आमचं ठाम मत आहे. निरोपाची आखणी करताना हे एक सूत्र आम्ही सोडत नाही: झेपेल तेवढंच बोलायचं, आणि बोललेलं पाळायचं.

सुरुवात कागदांपासून करावी. ३० दिवसांचा ई-टुरिस्ट व्हिसा असेल तर दिवस भारतात उतरल्यापासून मोजले जातात, मिरजेला पोचल्यापासून नाही. मुंबईत दोन दिवस विश्रांती घेतली असेल तर ते दोन दिवस इथल्या मुक्कामातून वजा झालेले असतात. ई-टुरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा करता येते, पण तीही जास्तीत जास्त एक महिना. त्यामुळे पाच वर्षांचा व्हिसा असलेल्या पाहुण्यांनी ‘आणखी आठवडाभर शिकवतो’ म्हटलं तरी होकार देऊ नये. ते हंपी बघायला जाऊ शकतात, वर्गात उभे राहू शकत नाहीत. मुक्काम देणाऱ्यांनी पाहुणे आल्यापासून २४ तासांत त्यांची ऑनलाइन माहिती भरलेली असते. जायची तारीख पुढे-मागे झाली तर त्या नोंदीचं काय करायचं हे पोलीस अधीक्षक कार्यालयातल्या परदेशी नागरिक नोंदणी विभागात आधीच विचारून घ्यावं. व्हिसाची मुदत एक दिवसानं जरी उलटली तरी विमानतळावर बाहेर सोडत नाहीत, आधी परवानगी काढावी लागते. म्हणून चौथा आठवडा लागताच पासपोर्ट, व्हिसाचा कागद आणि परतीचं तिकीट टेबलावर शेजारी शेजारी ठेवून तारखा मोठ्यानं वाचाव्यात.

तिकिटाच्या तारखेत घोळ होण्याची एक ठरलेली जागा आहे. मुंबईहून बरीचशी लांबची विमानं मध्यरात्रीनंतर सुटतात. तिकिटावर १४ तारीख, पहाटे दीड अशी वेळ असेल तर पाहुण्यांना मिरज १३ तारखेला सकाळी सोडायची असते. वसतिगृहाच्या फळ्यावर मात्र कोणीतरी ‘१४ ला जाणार’ असं लिहून ठेवतं, महिला मंडळ १३ च्या रात्रीचं जेवण ठरवतं आणि आयत्या वेळी सगळ्यांची धावपळ होते. म्हणून विमानाची तारीख कोणाला सांगूच नये. मिरज सोडण्याचा वार आणि वेळ सांगावी, आणि तीच सगळीकडे लिहावी.

त्यानंतर काम सोपवणं. पाहुण्यांनी जे सुरू केलं ते कोणाच्या हाती जाणार, हे ठरल्याशिवाय समारंभाची तारीख ठरवू नये. त्यासाठी शंभर पानी साधी वही पुरते. डाव्या पानावर पाहुण्यांनी इंग्रजीत लिहायचं, उजव्या पानावर इथल्या माणसानं तेच मराठीत. काय शिकवलं, कुठपर्यंत आलं, कोणतं मूल कुठे अडतं, कोणती किल्ली कोणाकडे, संगणकाचा पासवर्ड काय, रंगाचा उरलेला डबा कुठे ठेवला, कोणत्या दुकानाचं किती देणं राहिलं. शेवटचे तीन दिवस वर्ग पाहुण्यांनी घ्यायचाच नाही. इथल्या शिक्षकानं किंवा तरुण संघातल्या मुलीनं घ्यायचा आणि पाहुण्यांनी मागे बाकावर बसायचं. हे पाहुण्यांना जड जातं. शेवटचे दिवस म्हणून त्यांना भरभरून शिकवायचं असतं. पण मुलांना नव्या बाई फळ्यासमोर बघायची सवय पाहुणे असतानाच लागली, तर पुढच्या सोमवारी वर्ग रिकामा वाटत नाही. जे काम पुढे चालवायला माणूस सापडत नाही, ते बंद होतंय असं स्पष्ट सांगून बंद करावं. वहीत अर्धवट लटकत ठेवू नये.

आता मुलांबद्दल, सविस्तर.

वसतिगृहातली मुलं आधीच घर सोडून आलेली असतात. माणसं येतात आणि जातात हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त कळतं. म्हणून जाण्याची तारीख पाहुणे आल्या दिवशीच सांगायची. जेवणाच्या खोलीतल्या कालनिर्णयावर त्या तारखेला लाल पेन्सिलीनं गोल करायचा आणि रोज रात्रीच्या प्रार्थनेनंतर एका मुलानं त्या दिवसावर काट मारायची. ज्या मुलाची पाळी असते ते स्टुलावर चढतं, काट मारतं आणि उरलेले चौकोन बोटानं मोजून मोठ्यानं सांगतं. बाकीची मुलं तो आकडा एका सुरात म्हणतात. पहिल्या आठवड्यात हा खेळ असतो, शेवटच्या आठवड्यात आवाज बारीक होतो. तरीही मोजणी थांबवायची नाही. जाणं ठरलेलं आहे आणि ते कोणाच्या चुकीमुळे नाही, हे लहान मुलाला बोलण्यापेक्षा त्या चौकोनांवरून जास्त समजतं. सहा-सात वर्षांच्या मुलाला आपण दंगा केला म्हणून ताई चालली असं खरंच वाटू शकतं. तसं नाही, हे त्याला एकदा समोर बसवून सांगावं लागतं.

पाहुण्यांना आम्ही तीन गोष्टी बजावतो. ‘मी पुढच्या वर्षी परत येईन’ हे वाक्य तिकीट हातात असल्याशिवाय उच्चारायचं नाही. मूल विचारणारच, तेव्हा ‘येणं जमेल की नाही मला माहीत नाही, पण तुझं नाव मी प्रार्थनेत घेईन’ एवढंच उत्तर. दुसरं, एकाच मुलाला वेगळी भेट द्यायची नाही. घड्याळ, बूट, खेळण्यातली गाडी, काहीही नाही. भेट द्यायची तर सगळ्यांना सारखी आणि वसतिगृहाच्या बाईंच्या हातून: पेन्सिलींचा डबा, फुटबॉल, गोष्टींच्या पुस्तकांचं कपाट. तिसरं, मुलांना आपला खासगी फोन नंबर द्यायचा नाही आणि त्यांचा घ्यायचा नाही. पत्रव्यवहार संस्थेच्या पत्त्यावर आणि सगळ्यांच्या नावानं.

पहाटे मुलं झोपलेली असताना गाडी काढणं सोयीचं वाटतं, रडारड टळते. तसं कधीही करू नये. मूल उठतं, खोली रिकामी दिसते, आणि पुढे जो कोणी येईल त्याच्यावर विश्वास ठेवायला ते मूल कचरतं. मुलं जागी असताना, नाश्ता झाल्यावर, उजेडात निघावं. प्रत्येकाशी हात मिळवावा, नाव घ्यावं. एखादं मूल बाहेर येत नाही, पलंगाखाली जाऊन बसतं. त्याला ओढून आणू नये. पाहुण्यांनी दाराशी उभं राहून त्याचं नाव घेऊन सलाम करावा आणि निघावं. मुलं रडली तर रडू द्यावीत. ‘शहाणी मुलं रडत नाहीत’ असं म्हणणाऱ्या मोठ्यांना त्या वेळी तिथून हलवलेलंच बरं.

फोटोंचा विषयही याच आठवड्यात संपवायचा. पाहुण्यांच्या फोनमध्ये महिनाभराचे शेकडो फोटो असतात. बसून ते एकत्र बघावेत. बालगृहातल्या, म्हणजे काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांची ओळख उघड होईल असं काहीही प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्यानं बंदी आहे. त्यामुळे चेहरा, नाव, शाळेचं नाव, गणवेशावरचा बिल्ला असलेले फोटो समाजमाध्यमांवर जाणार नाहीत हे तिथेच ठरवून घ्यावं. रुग्णांचे फोटो, विशेषतः कुष्ठरुग्णांचे आणि जखमांचे, परवानगीशिवाय काढलेले असतील तर पुसायला सांगावं. पाहुण्यांना आपल्या मंडळीत जाऊन काम दाखवायचं असतं, त्यात गैर काही नाही. त्यांना पाठमोरे, दुरून काढलेले, हातांचे, कामाचे फोटो निवडून द्यावेत. तेच फोटो ते समाधानानं नेतात.

पैशाबद्दल आडपडदा ठेवू नये. जाताना पाहुण्यांचं मन भरून येतं, पाकिटातले उरलेले रुपये काढून ते पाळकसाहेबांच्या (मंडळीच्या धर्मगुरूंच्या) किंवा वसतिगृहाच्या बाईंच्या हातात ‘मुलांसाठी’ म्हणून ठेवतात. इथे कायदा सरळ आहे. परदेशी नागरिकानं संस्थेला दिलेला पैसा रुपयांत असला तरी तो परदेशी देणगीच ठरतो. २०१० च्या परदेशी योगदान नियमन कायद्याखाली (एफसीआरए) नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो घेऊच नये. नोंदणी असेल तर २०२० च्या दुरुस्तीनंतर असा पैसा आधी नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेत उघडलेल्या एफसीआरए खात्यातच यावा लागतो. दानपेटीतून वळवता येत नाही. वस्तूंचंही तसंच आहे. संस्थेसाठी मागे ठेवलेला लॅपटॉप हीसुद्धा देणगी असते, तिची नोंद लागते. हे सगळं समारंभाच्या दिवशी सांगितलं तर पाहुण्यांना आपला अपमान झाल्यासारखा वाटतो. तिसऱ्या आठवड्यात, चहा घेता घेता, खजिनदारांनी सांगावं. मग देणगी घरी गेल्यावर रीतसर खात्यात येते आणि पावती पाठवता येते.

स्वयंपाकाच्या मावशी, झाडलोट करणारे दादा, रात्रीचे राखणदार आणि ड्रायव्हर यांचा निरोप सगळ्यात आधी घ्यावा. समारंभात त्यांची नावं राहून जाण्याची शक्यता सर्वांत जास्त असते आणि महिनाभर पाहुण्यांना सांभाळलेलं असतं ते त्यांनीच. त्यांच्यापैकी अनेकजण समारंभाच्या वेळी मागे भांडी घासत किंवा खुर्च्या लावत असतात. म्हणून आदल्या दिवशी दुपारी, जेवणं आटोपल्यावर, पाहुण्यांनी स्वयंपाकघरात जाऊन खाली बसावं, मावशींच्या हातचा चहा घ्यावा आणि प्रत्येकाचे आभार मानावेत. छोटी भेट द्यायची असेल तर सगळ्यांना सारखी, आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पंच कमिटीला विचारून.

शेवटच्या आठवड्यात घरोघरची बोलावणी सुरू होतात. आपल्याकडे पाहुणा निघाला की एक वेळ तरी जेवल्याशिवाय सोडत नाहीत. एका संध्याकाळी तीन घरी तांबडा रस्सा, भाकरी आणि वर गुलाबजाम झाले की दुसऱ्या दिवशी पाहुणा अंथरुणात. म्हणून पंच कमिटीनं आधीच यादी करावी: जेवण दिवसाला एकाच घरी, बाकीच्यांकडे फक्त चहा आणि प्रार्थना, संध्याकाळी फार तर दोन घरं. ज्यांचं राहून जातं ते नाराज होतात, त्यांना समारंभाच्या जेवणात एकेक पदार्थ वाटून द्यावा, म्हणजे त्यांच्याही हातचं पोटात जातं. निघण्याआधीचे तीन दिवस बाहेरचं खाणं, उसाचा रस, बर्फ बंद. साधं वरण-भात, भाकरी, उकळलेलं पाणी. पुढे दहा-बारा तास विमानात बसायचं आहे, हे यजमानांनी लक्षात ठेवावं.

समारंभ रविवारीच असावा असं नाही. उलट निघायच्या दोन दिवस आधी संध्याकाळी ठेवला तर बरं, म्हणजे शेवटचा दिवस बांधाबांधीला आणि निवांत भेटीला राहतो. दीड तासाच्या वर जाऊ देऊ नये. अनुभवानं बसलेला क्रम असा: प्रार्थना, एक गीत, शास्त्रवाचन, मुलांचं गाणं, इथल्या तिघांचे दोन शब्द, पाहुण्यांचं मनोगत, शाल आणि भेट, उभं राहून प्रार्थना, आशीर्वाद, चहा-नाश्ता. वाचनाला आम्ही बहुधा बायबलातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा विसावा अध्याय, सतरापासून अडतीसपर्यंतची वचनं घेतो. प्रेषित पौल इफिसच्या मंडळीतल्या वडिलांचा, म्हणजे तिथल्या पुढाऱ्यांचा, निरोप घेतो तो हा भाग. त्यात रडणंही आहे, गुडघे टेकणंही आहे, आणि जहाजापर्यंत पोचवायला जाणंही आहे. पण त्याआधी पौल मंडळी तिथल्या वडिलांच्याच हाती सोपवतो. पाहुण्यांच्या निरोपात हा मुद्दा मंडळीच्या कानावर मुद्दाम घालावा, कारण काम आता आपलं आहे.

मनोगताबद्दल एक बारीक गोष्ट. मिशनरी व्हिसा नसलेल्या परदेशी पाहुण्यांना उपासनेला बसता येतं, पण धर्मप्रचाराचं भाषण करता येत नाही, पत्रकं वाटता येत नाहीत. त्यामुळे उत्साहाच्या भरात कोणी ‘आता पाहुणे संदेश देतील’ असं जाहीर करू नये. संदेश, म्हणजे प्रवचन, पाळकसाहेब देतील. पाहुण्यांनी आभार मानायचे, कामाबद्दल बोलायचं, निरोप घ्यायचा. सूत्रसंचालकाच्या कागदावर हे लिहूनच द्यावं, म्हणजे तोंडातून चुकीचा शब्द निघत नाही.

वेळ जाते ती भाषांतरात. पाच मिनिटांचं इंग्रजी मनोगत मराठीसकट दहा-बारा मिनिटांचं होतं. दुभाष्याबरोबर आदल्या दिवशी अर्धा तास बसणं सक्तीचं ठेवावं. पाहुण्यांनी छोटी वाक्यं करायची, एक वाक्य झालं की थांबायचं. त्यांच्या देशातले विनोद, खेळांची उदाहरणं, म्हणी गाळायच्या. त्या मराठीत आणता आणता दुभाषी अडखळतो आणि सभा गप्प बसते. नावांची यादी दुभाष्याच्या हातात असावी, कारण परदेशी उच्चारात सुरेखा आणि सुलेखा एकच वाटतात. रडू आलं तर दुभाष्यानं घाईनं काही भरून काढू नये, थांबावं. मंडळी थांबते.

पाहुण्यांनी शेवटी दोन-तीन वाक्यं मराठीत म्हणावीत, त्याचा आनंद मंडळीला फार होतो. वाक्यं निवडताना काळजी घ्यावी. ‘मी खूप शिकलो’ हे बाईंना शिकवलं की गडबड होते. बाई-पुरुष दोघांनाही चालतील अशी वाक्यं द्यावीत: ‘तुम्ही मला घरच्यासारखं वागवलंत. मी तुमच्यासाठी प्रार्थना करीन. तुम्हीही माझ्यासाठी करा.’ ही आठवडाभर रोज दात घासताना म्हणायला सांगितली की पक्की बसतात. आदल्या रात्री पाठ करायला दिली तर व्यासपीठावर उभं राहिल्यावर एकही आठवत नाही.

बोलणारे तिघंच ठेवणं हे कमिटीचं सगळ्यात अवघड काम. प्रत्येक गटाला बोलायचं असतं. उपाय हा की ज्यांना बोलायची इच्छा आहे त्यांनी एका वहीत लिहावं, ती वही भेट म्हणून द्यावी. ती पाहुणे वर्षानुवर्षं जपतात.

भेटवस्तूंत काचेची फ्रेम, जड लाकडी स्मृतिचिन्ह, पितळी समई हे टाळावं. बऱ्याच विमानांत एका बॅगेला २३ किलोची आणि हातसामानाला ७-८ किलोची मर्यादा असते, आणि विमानतळावर वजन जास्त भरलं की नेमकी आपली भेट बाहेर काढावी लागते. शाल हलकी असते. इरकलचं कापड, खणाचं पाकीट, सगळ्यांच्या सह्या असलेला फ्रेमशिवाय फोटो, हे छान. कुठे कुठे शालीबरोबर नारळ देतात. तो व्यासपीठावरून उतरताच घरातच ठेवावा. सुक्या खोबऱ्यात तेल जास्त असतं, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं म्हणून विमानात चालत नाही. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, त्यामुळे ती द्यायची हौस सगळ्यांनाच असते. द्यावी, पण कंपनीचं लेबल असलेली बंद पाकिटं, आणि मोठ्या बॅगेत. अमेरिकेच्या विमानात हातसामानात साडेतीनशे मिलीपेक्षा जास्त पूड दिसली की वेगळी तपासणी होते. लोणचं, तूप हेही मोठ्या बॅगेतच, दोन पिशव्यांत गुंडाळून. पेढे-बर्फी, बियाणं, ताजी फुलं, फळं देऊ नयेत. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये अन्नाची प्रत्येक वस्तू अर्जावर लिहावी लागते, न लिहिल्यास दंड होतो. शेतात फिरलेल्या बुटांच्या तळव्यांची माती ब्रशनं घासून धुवावी, ती बघूनही अडवतात. मिरजेच्या सतारी-तंबोऱ्यांना २०२४ साली मानांकन मिळालं, पण मोठी सतार ऐनवेळी भेट द्यायचा मोह आवरावा. भोपळा फुटू नये म्हणून कडक पेटी लागते, आणि ती आधी सांगून करून घ्यावी लागते.

बांधाबांधी आदल्या दुपारी व्हावी. काट्यावर बॅग लटकवून वजन बघावं, एक-दीड किलो हातचं राखावं, कारण निघताना कोणीतरी बेदाण्याची पिशवी घेऊन येतंच. पॉवर बँक आणि सुटी बॅटरी हातसामानात. औषधं, पासपोर्ट, तिकीट, एक जोडी कपडे हातसामानात. भारतीय सिमकार्डावर व्हॉट्सॲप चालू असेल तर ते इथेच घरच्या नंबरावर वळवून द्यावं. बंद पडलेला नंबर काही काळानं दुसऱ्या कोणाला मिळतो, आणि मग मंडळीतले लोक भलत्याच माणसाला ‘सलाम, पोचलात का’ म्हणून विचारत बसतात.

रस्त्यानं जायचं तर पेठ नाक्यावरून हमरस्त्याला लागून कराड, सातारा, खंबाटकीचा बोगदा, पुणे आणि द्रुतगती मार्ग. वाटेत तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर हे टोलनाके. सुट्ट्या जोडून आल्या असतील तर तिथेच दोन तास जातात. पहाटे दीडच्या विमानासाठी आम्ही सकाळी दहाला गाडी काढतो. ही वेळ पाहुण्यांना फार लवकर वाटते, पण विमानतळावर वेळ काढता येतो, रस्त्यावर भरून काढता येत नाही. साताऱ्याच्या अलीकडे जेवण, बरोबर चपाती-भाजीचा डबा, कारण शेवटच्या दिवशी धाब्यावरच्या जेवणाचा धोका कशाला घ्यायचा. गाडीत ड्रायव्हरशिवाय मंडळीतला एकच माणूस जावा. पोचवायला निघालेली दुसरी गाडी वाटेत मागे पडते आणि सगळ्यांनाच तिच्यासाठी ताटकळावं लागतं.

रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जाणार असतील तर प्रार्थना आणि हार घरीच आटोपून स्टेशनवर जावं. मिरजेत गाडी थांबते त्या थोड्या मिनिटांत चाळीस माणसांनी दाराशी गर्दी केली की बॅगा खालीच राहतात. दोन तरुणांनी आधी सामान चढवायचं, बर्थखाली लावायचं आणि खाली उतरल्यावर पाहुण्यांना चढवायचं. गाडी सकाळी मुंबईला पोचते, तिथून विमानतळ बराच लांब, त्यामुळे लोकलचा विचार न करता टॅक्सी करावी.

पाहुणे गेले की कमिटीचं काम संपत नाही. दुसऱ्या दिवशी, ज्या वेळी पाहुण्यांचा वर्ग असायचा त्याच वेळी, इथल्या बाईंनी वर्ग घ्यायचाच. ती वेळ रिकामी ठेवली की मुलं फाटकाकडे बघत बसतात. दोन-तीन मुलं जेवत नाहीत, एखादं विनाकारण भांडतं, एखाद्याला ताप येतो. वसतिगृहाच्या बाईंना हे माहीत असावं आणि आठवडाभर पाळकसाहेबांनी संध्याकाळी एक चक्कर मारावी. पाहुण्यांची आठवण काढायला बंदी नको. त्यांचं नाव रात्रीच्या प्रार्थनेत घ्यावं, इतर नावांबरोबरच.

पोचल्याचा निरोप संस्थेच्या क्रमांकावर येतो, तो जेवणाच्या वेळी मुलांना वाचून दाखवावा. पंधरा दिवसांत इथून आभाराचं पत्र जावं. त्यात पैशाचा उल्लेख नको. सोपवणीच्या वहीतलं काम कुठपर्यंत आलं ते लिहावं: वाचनाचा गट रोज भरतो का, रंगवलेल्या भिंतीला ओल आली का, संगणक कोण वापरतं. जे बंद पडलं तेही लिहावं. पाहुण्यांनी मुलांना एक सामाईक पत्र पाठवायचं असं ठरलेलं असतं. महिन्याभरात आलं नाही तर संस्थेनं आठवण करून द्यावी, कारण मुलं टपालाची वाट बघत असतात. पार्सल मात्र पाठवू नका असं आधीच सांगून ठेवावं. त्यावर सीमाशुल्क लागतं, ते सोडवायला एक माणूस हेलपाटे घालतो, आणि आतल्या वस्तू सगळ्या मुलांना पुरत नाहीत. पत्र आल्यावर ते जेवणाच्या खोलीत कालनिर्णयाशेजारी टाचणीनं लावतो आणि आठवडाभर तिथे ठेवतो.